अक्काचं राहिलं

तुम्ही गेलात त्याला आज आठ दिवस झाले. या आठ दिवसांत मी तुमच्याशी एक शब्द बोललेले नाही. लोकांना वाटतं, मी धक्क्यात आहे. शेजारच्या पवारबाई रोज सकाळी चहाचा थर्मास ठेवतात आणि हळूच विचारतात, "रडल्या का हो ताई?" नाही रडले. मी तुमच्यावर चिडले आहे, आणि चिडल्यावर मी बोलत नाही हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? एक्केचाळीस वर्षं तुम्ही माझ्या अबोल्यातून वाट काढत आलात. आधी खोकायचं, मग चष्मा सापडत नाही म्हणायचं, मग तो माझ्याच हातून शोधून घ्यायचा. चष्मा आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. शोधण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून लिहायला बसले.

काल पाळकसाहेब आले होते. रविवारी उपासनेनंतर तुमची स्मरणसभा ठेवली आहे. "बाई, साक्ष तुम्हीच द्यायची," ते म्हणाले. "मलावीतल्या त्या दोन वर्षांवर बोला. आपल्या मंडळीतून परदेशी सेवेला गेलेलं हे पहिलंच जोडपं. तरुणांना ऐकू द्या." मग त्यांनी मोबाइलवर फ्लेक्सचा नमुना दाखवला. फोटो तिथल्या वाचनालयाच्या उद्घाटनाचा. तुमच्या गळ्यात कागदी फुलांची माळ, माझ्या हातात कात्री, मी तोंडभर हसते आहे.

"हा नको," मी म्हटलं.

"अहो, किती आनंदी दिसता दोघं!"

"म्हणूनच नको."

"पण बाई, छापायला गेलाय."

तो फोटो काढला तेव्हा माझ्या बहिणीला मातीत ठेवून अठरा दिवस झाले होते. तुम्हाला ते माहीत होतं. माळ घालून तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात आणि तुम्हाला माहीत होतं.

पण हा राग जुना आहे. त्यावर आपण भांडलो, महिनाभर भांडलो, आणि मी तो गिळला असं मला वाटत होतं. नवा राग तुमच्या दफनाच्या दिवशी मिळाला. छावणीच्या कबरस्तानात लोकांनी मूठ मूठ माती टाकली, हात धुतले, पांगले. लासूर स्टेशनहून सुनंदा आली होती. अक्काची, माझ्या त्या बहिणीची, सुनंदा. आपल्याला मूलबाळ नाही, तेव्हा आपली म्हणावी अशी हीच एक. गेली तीन-चार वर्षं ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मला वाटायचं, आई गेल्यापासून मिटली आहे पोर. ती माझ्याजवळ आली, पदर सावरला आणि म्हणाली, "मावशी, मी काकांसाठी आले. त्यांनी त्या दिवशी निदान खरं तरी सांगितलं."

"काय खरं?"

"हेच की. आई गेल्याचं तुला लगेच कळवलं म्हणून. आन् तू म्हनलीस, हातातलं काम टाकून येत नाय."

मग ती फाटकाकडे चालू लागली. मी तिथंच उभी राहिले. तुमच्यावरची माती अजून ओली होती.

तुम्ही असं का बोललात ते मला चटकन समजलं, हा माझा दुसरा वैताग. इतकी वर्षं संसार केला की माणसाचं खोटंसुद्धा आतून कळतं. तुम्ही तिला "मावशीला अजून सांगितलं नाही" म्हणाला असतात, तर तिनं तिथल्या चर्चच्या कचेरीत फोन लावून मला बोलावून घेतलं असतं. वाट बंद करायची तर एकच दगड पुरेसा होता. तो तुम्ही माझ्या नावाचा लावलात.

ज्यांना आपण कसे राहत होतो ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी नाही, माझ्याचसाठी मी ते दिवस पुन्हा मांडते आहे. तुम्ही फुलंब्रीच्या शाळेतून निवृत्त, मी कॉलेजच्या ग्रंथालयातून. सेवेला माणसं पाठवणाऱ्या समितीला सोयीचं जोडपं, मागं कोणी ओढणारं नाही. निघायच्या आधी अक्काला भेटायला गेलो. ती लासूरच्या मोंढ्यामागच्या तिच्या दोन खोल्यांत, गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. आई गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती. तिनं शाळा सोडून मला वाढवलं, म्हणून मी शिकले. मी तिला सांगितलं, तिकडच्या बायांना वाचायला शिकवायचंय. ती तेलाचा हात पुसत म्हणाली, "दुसऱ्याच्या बायकांना शिकवायला लई लांब चाललीस गं. घरातली अडाणी तशीच ठिवलीस." तुम्ही हसलात. मीही हसले. परत आल्यावर हिला शिकवायचं असं मी मनात ठरवलं, आणि मोठ्यानं बोलले नाही.

तिकडं पत्र्याचं घर होतं, लाल माती, दारात आंब्याचं झाड. बाजारात ज्वारी मिळते हे तुम्ही तिसऱ्या दिवशी शोधून काढलंत आणि पोतं खांद्यावर टाकून असे आलात, जणू शिकार करून आला आहात. तूर तर तिथं घरोघरी. मग काय, वरण आणि भाकरी. माझं मनगट दुखायला लागलं तसं तुम्ही भाकरी थापायला शिकलात. पहिल्या महिन्यात नकाशे थापलेत, दुसऱ्या महिन्यात गोल. सकाळी तुम्ही अंगण झाडायचात, आणि रस्त्यानं जाणारे पुरुष थांबून बघायचे. हातपंपावर बाया मला "आमाई" म्हणायच्या, म्हणजे आई, आणि विचारायच्या, तुझा म्हातारा आजारी आहे का? झाडू त्याच्या हातात का?

दुपारी दोघं पुस्तकं दुरुस्त करायचो. कुठून कुठून आलेली पुस्तकं, कव्हरं गेलेली, पाठीच्या शिवणी सुटलेल्या. मी म्हटलं होतं, खळीत मोरचूद घालायला हवा, नाहीतर किडे खातात. ग्रंथालयात हाताखालच्या शिपायालाही हे ठाऊक असतं. पण तुम्ही विज्ञान शिकवलेलं. "लहान पोरं पुस्तकं तोंडात घालतात, विष कशाला?" म्हणून नुसत्या मक्याच्या पिठाची खळ केलीत. आठवड्यात झुरळांनी सगळे कणे कुरतडून ठेवले. तुम्ही कपाटासमोर उभं राहून म्हणालात, "वाचक तर मिळाले." किती हसले मी तेव्हा. हे आठवतं आणि राग दुपटीनं वर येतो. नुसते वाईट असतात तर एका वाक्यात आटपलं असतं.

आणि संध्याकाळची प्रार्थना. तुम्ही नावं घ्यायचात, रोज त्याच क्रमानं. पाळकसाहेब, मंडळीतले आजारी, तुमचा भाऊ, सुनंदा, आणि शेवटी अक्का. मी डोळे मिटून ऐकायचे. त्या वेळी फोन एकच होता आणि तो तुमच्याकडे. रेंज फक्त चर्चच्या कचेरीत मिळायची. मला फोनचा कंटाळा, हेही तुम्हाला सोयीचं पडलं.

एका मंगळवारी तुम्ही अक्काचं नाव घेतलं नाहीत. मला वाटलं, विसरलात. मी डोळे न उघडताच म्हटलं, "अहो, अक्काचं राहिलं." तुम्ही गप्प. मग मीच म्हटलं, "प्रभू, अक्काच्या गुडघ्यांना बळ दे, तिची साखर आटोक्यात ठेव." आणि तुम्ही म्हणालात, "आमेन."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "अहो, आता देवासमोरही विसरायला लागलात," असं मी चिडवलं. पुन्हा गुडघे, पुन्हा साखर, पुन्हा तुमचं आमेन.

वीस संध्याकाळी.

तुम्ही, जे नोव्हेंबरात कबरस्तानात मेणबत्त्या लावणाऱ्या बायांना थांबवून सांगायचात की फुलं ठेवा, दिवा लावा, पण मेलेल्यांसाठी मागणं मागू नका, ते प्रकरण देवाच्या हातात गेलं, आपण त्यात बोट घालायचं नाही. तुमचा नियम इतका पक्का की मेलेल्या बाईचं नाव तुमच्या तोंडून प्रार्थनेत निघेना. पण माझ्या तोंडून निघालेलं चाललं. मी मेलेल्या माणसाच्या गुडघ्यांसाठी देवाला विनवत होते, आणि तुमची तत्त्वं शाबूत होती. यावर मी तेव्हाही ओरडले होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "नाव माझ्या घशातून निघत नव्हतं, शालू." मी म्हटलं, आमेन बरं निघालं.

उद्घाटन झालं, पाहुणे गेले. सोमवारी दुपारी जेवणानंतर मी ताटं घासत होते. तुम्ही म्हणालात, "बस जरा. अक्का गेली."

"कधी?"

"झाले थोडे दिवस."

"किती?"

"वीस."

मी हातातलं ताट विसळून पालथं घातलं. मला आधी रडू आलं नाही. मला आधी ते गुडघे आठवले. तुमची बाजू तुम्ही नीट मांडलीत, वर्गात मांडतात तशी. दुसऱ्याच दिवशी तिला माती दिली, उन्हाळ्यात कोण थांबतं? तू पोचली नसतीस. इथं बसून नुसती जळत राहिली असतीस. त्यात चूक काहीच नव्हतं. मी म्हटलं, "जळायचं की नाही ते माझं मला ठरवू द्यायचं होतं." तुम्ही म्हणालात, "आणि उद्घाटन..." तिथं थांबलात. पुढचं मी सांगते. तुम्हाला भीती होती की मी घरी गेले तर परत येणार नाही. ती खरी होती. बहुतेक नसते आले. पण ते मला विचारायचं होतं, माझ्याआधी उत्तर द्यायचं नव्हतं.

मी उठून आंब्याखाली जाऊन बसले. वाचनालयाची किल्ली द्यायला शेजारची ग्रेस आली. शिक्षकाची बायको, आडव्या अंगाची, मोठ्या आवाजाची. तिनं विचारलं, मी सांगितलं. ती तशीच वळून गेली आणि तासाभरात वीस बाया घेऊन आली. डोक्यावर पिठाची घमेली, सरपण, चटया. तिकडची रीत तुम्हाला काय सांगू? किती मयतांना आपण जाऊन बसलो होतो तिथं. मयत झालं की कुदळ थांबते, शाळा थांबते, बाया घरात येऊन बसतात आणि घरच्या बाईला उठू देत नाहीत. तुम्हालाच ती रीत इतकी आवडलेली. घरच्या पत्रात तुम्ही दोन पानं तिच्यावर लिहिली होतीत.

ग्रेस तुमच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मास्तर, या घरात मयत झालं आणि शेजाऱ्याला सांगितलं नाही?"

"काम होतं..."

"काम! माझा सासरा वारला तेव्हा तुम्ही शाळा बंद करून आलात. आम्ही काय तुमचे कोणी नव्हतो?"

"चुकलं."

"हिला काल केक भरवला मी," ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "माझ्या हातानं. तुम्ही बघत होतात."

मग त्यांनी तुम्हाला बाहेर पुरुषांच्या ओंडक्यावर बसवलं. कोणी तुमच्याशी बोलेना. ज्या वाचनालयासाठी तुम्ही एवढं लपवलंत, त्याला बायांनी दुसऱ्याच दिवशी कुलूप घातलं. दोन दिवस बसल्या त्या माझ्याजवळ, कधी गात, कधी नुसत्या. अक्काचं नाव त्यांना धड घेता येत नव्हतं. तरी घेत होत्या.

तिसऱ्या दिवशी मी कचेरीतून सुनंदाला फोन केला. "मला फार उशिरा कळलं गं," म्हटलं. ती म्हणाली, "असू दे मावशी. काम झालं ना तुझं?" आवाज तुटत होता. त्यातला काटा मला लागला नाही. आता लागला.

आणि परत आल्यावरची ही तीन वर्षं! लासूरला गेलो की तुम्ही आत यायचा नाहीत. बाहेर लिंबाखाली पेपर घेऊन बसायचात आणि अर्ध्या तासात हाक मारायचात, "चल, गाडी चुकेल." मला वाटायचं, अक्काच्या फोटोसमोर बसवत नसेल. पश्चात्ताप म्हणून मी तुमच्या खात्यात तो जमाही केला. तो पश्चात्ताप नव्हता. आम्ही दोघी फार वेळ बोललो तर काय बाहेर येईल, याचा पहारा होता.

तीन वर्षं, अहो. एका वाक्याचं काम होतं. माझ्या मोतीबिंदूनंतर रोज दुपारी तासभर मला वाचून दाखवायचात, वर्गातल्या सपाट आवाजात. परिच्छेद संपला की विचारायचात, "समजलं?" त्यातली एक दुपार पुरली असती. तुम्ही पुस्तकाआडून माझ्याकडे बघायचात कधी कधी, ते आता आठवतं. तेव्हा काही सांगायचं होतं का तुम्हाला? मला कळणार नाही. हेच मी तुम्हाला माफ करू शकत नाही.

तुमची बातमी मला दोन मिनिटांत कळली. दूध आणून ओट्यावर टेकलात आणि गेलात. पवारबाई ओरडत आत आल्या. माझी सोय कोणी पाहिली नाही. कुकरची शिटी होऊ द्यावी, हिला चहा तरी घेऊ द्यावा, असं कोणाच्या मनात आलं नाही. तसंच असतं. तसंच असायला हवं.

इथपर्यंत लिहून मी तीन दिवस थांबले होते. प्रश्न साधा होता. सुनंदाला सांगितलं तर तिच्या मनातला एक सच्चा काका जाणार, आणि तो तर नुकताच गेलाय. नाही सांगितलं तर मी मरेपर्यंत तीच मावशी, जिला बहिणीपेक्षा काम मोठं वाटलं. रविवारी ती सभेला येणार, त्या फ्लेक्समधलं माझं हसू बघणार. मी तुमच्या बाजूनं विचार करून पाहिला. तिला उगाच कशाला जाळायचं, असं वाटलं, आणि दचकले. हा तुमचाच आवाज होता.

म्हणून आज, शनिवारी, सकाळच्या पॅसेंजरनं लासूरला आले.

सुनंदा अंगणवाडीतून येऊन मेथी निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. मंगळवारपासून सोमवारपर्यंत, तुमचा फोन, माझं न कळणं. ती निवडायची थांबली नाही. जुडी संपल्यावर म्हणाली, "म्हंजे काका खोटं बोलले."

"व्हय."

"आन् तुला ठावंच नव्हतं."

"नव्हतं."

"मग तीन वर्षं काय करत हुतीस? मला धरून का नाय सांगितलंस?"

"सांगितलं होतं की, उशिरा कळलं म्हणून."

"ते समदेच म्हणत्यात, मावशी. उशिरा कळलं, गाडी चुकली, रजा नाय मिळाली." तिनं देठं एका बाजूला सारली. "आन् आता सांगून काय केलंस? माझे काका बी नेलेस."

मी खाली बसले आणि तिनं सारलेली देठं गोळा करू लागले. तिनं विचारलं, "रोज नाव घेत हुतीस तिचं?"

"रोज."

"काय मागायचीस?"

"गुडघे. आणि साखर."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडातून हसू फुटलं, आवरेना. "अगं, गेली त्या हप्त्यात साखर एकदम नॉर्मल आली हुती तिची! लई खुश हुती. डॉक्टरला म्हनली, आता जिलबी खाते." हसता हसता तिनं पदर तोंडात धरला, आणि मग दोघींनाही किती वेळ ते थांबवता आलं नाही. मी रडले, अहो. पवारबाईंना सांगायला हवं.

दुपारी मी निघायला उठले तर तिनं माझी पिशवी खुंटीला अडकवली. "आईसाठी बसली नाहीस तू. आज बस." तिनं सतरंजी टाकली, शेजारच्या दोघींना हाक मारली. त्या अक्काबरोबर मोंढ्यात कांदे निवडायला जायच्या. त्यांनी अक्काच्या गोष्टी सांगितल्या, निम्म्या मला ठाऊक नव्हत्या. कुदळ थांबवली म्हणायची, इतक्या वर्षांनी.

उद्या आम्ही दोघी पहिल्या गाडीनं येऊ. मी साक्ष देणार नाही. पाळकसाहेबांना म्हणेन, दुसऱ्या कोणाला तरी बोलू द्या, तुमच्याबद्दल चांगलं बोलायला पुष्कळ माणसं आहेत आणि ती खोटं बोलणार नाहीत. मी पुढच्या बाकावर सुनंदाशेजारी बसेन आणि त्या फोटोकडे बघेन.

दिवेलागणीला सुनंदानं प्रार्थनेला बसवलं. म्हणाली, "मावशी, तू मोठी, तूच कर." मी डोळे मिटले. तुमच्याच क्रमानं गेले. पाळकसाहेब, मंडळीतले आजारी, तुमचा भाऊ, सुनंदा, तिची पोरं. तिथं थांबले. तुमचा नियम मला पाठ आहे. पण नियमासाठी नाही थांबले मी. नाव घशातून निघेना.

सुनंदा हळूच म्हणाली, "मावशी, काकांचं राहिलं."

मी गप्प. मग तिनंच ते घेतलं. तुमचं पुरं नाव घेतलं तिनं, आणि प्रभू, माझ्या काकांना जवळ घे म्हणाली.

मी म्हटलं, "आमेन."